झोपेच्या साथीचा माग काढणारा वैमानिक

(द्वितीय वर्ष कला)

इ. स. १९१६ सालचा हिवाळा. युरोपात महायुद्ध पेटून दोन वर्षे उलटली होती. व्हिएन्ना ही ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याची राजधानी. पण त्या वैभवशाली नगरीत आता पावासाठी आणि कोळशासाठी लोक रांगा लावून उभे राहत होते. अशा दिवसांत तेथील विद्यापीठाच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काही अजब रोगी येऊ लागले. कोणी जेवताना तोंडात घास असतानाच झोपी जाई. हाक मारली की डोळे उघडून विचारलेल्या प्रश्नाचे नीट उत्तर देई, आणि उत्तर संपते न संपते तोच पुन्हा गाढ झोपेत बुडे. कोणाच्या पापण्या अर्धवट मिटलेल्या, कोणाला एका वस्तूच्या दोन दिसत. काहींची तऱ्हा तर अगदी उलटी. त्यांना दिवस-रात्र झोपच नसे, हातपाय सारखे वळवळत राहत.

आलेल्या प्रत्येक रोग्याच्या कागदावर निराळ्याच रोगाचे नाव होते. कोणाला मेंदूच्या आवरणाची सूज, कोणाला वातभ्रम, तर कोणाला आणखी काही. हे सारे एकाच रोगाचे रोगी आहेत, आणि तो रोग वैद्यकाच्या पुस्तकात अजून नोंदलेलाच नाही, हे ज्यांच्या ध्यानात आले ते डॉक्टर नुकतेच विमान सोडून रुग्णालयात परतले होते. त्यांचे नाव बॅरन कॉन्स्टंटिन फॉन इकॉनोमो. त्या वेळी त्यांचे वय होते चाळीस.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने एका मेंदूतज्ज्ञाचे चरित्र लिहायला का घ्यावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. मानसशास्त्राच्या तासाला सरांनी हे नाव एकदा ओझरते घेतले होते. पण खरे कारण घरचे आहे, आणि ते योग्य ठिकाणी सांगेन.

इकॉनोमोंचा जन्म २१ ऑगस्ट १८७६ रोजी रुमानियातील ब्राइला या बंदराच्या गावी झाला. घराणे ग्रीक. मूल वर्षभराचे झाले असेल नसेल तोच कुटुंब ट्रिएस्ट येथे राहायला गेले. आज हे शहर इटलीत आहे, तेव्हा ते ऑस्ट्रियाचे मोठे बंदर होते. घरात ग्रीक, रस्त्यावर इटालियन, शाळेत जर्मन अशा वातावरणात हा मुलगा वाढला. घरची श्रीमंती अमाप. किशोरवयात त्याच्या हाती लोंब्रोसो या इटालियन लेखकाचे प्रतिभा आणि वेडेपणा यांवरील पुस्तक पडले आणि माणसाच्या डोक्यात काय चालते याचे कुतूहल त्याला तेव्हापासून लागले.

तरी शिक्षणासाठी तो गेला इंजिनिअरिंगला, कारण वडिलांची तशी इच्छा होती. वडिलांच्या इच्छेखातर इंजिनिअर व्हायला जाणारी मुले फक्त आपल्याकडेच असतात असे नव्हे! व्हिएन्नात दोन वर्षे यंत्रशास्त्राचा अभ्यास करून १८९५ च्या सुमारास त्याने वैद्यकाकडे मोर्चा वळवला आणि १९०१ साली पदवी घेतली. ती दोन वर्षे वाया गेली असे मला वाटत नाही. पुढे मेंदूचे काप कोणत्या दिशेने घ्यावेत इथपासून ज्याने विचार केला, तो माणूस हाडाचा यंत्रज्ञच होता. पदवीनंतर पॅरिसला पिएर मारी, म्युनिकला क्रेपेलिन व आल्झायमर अशा गुरूंकडे शिकून ते १९०६ साली व्हिएन्नाला परतले आणि प्राध्यापक वाग्नर-याउरेग यांच्या चिकित्सालयात रुजू झाले. याच वाग्नर-याउरेग यांना पुढे १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

विमान ही त्या काळी अगदी नवी चीज होती. लाकडाचा सांगाडा, वर ताणलेले कापड आणि मध्ये एक बेभरवशाचे इंजिन. इकॉनोमो फ्रान्सला जाऊन ते चालवायला शिकले. ऑस्ट्रियातील अगदी पहिल्या वैमानिकांत त्यांची गणना होते, आणि १९१० पासून सोळा वर्षे ते तेथील विमान संघाचे अध्यक्ष होते. सकाळी आकाशात आणि दुपारी सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून बसलेला हा माणूस डोळ्यांपुढे आणून पाहा. महायुद्ध सुरू झाल्यावर ते आघाडीवर गेले, पुढे दक्षिण तिरोलच्या डोंगरांवरून त्यांनी विमान चालवले. पण युद्धात त्यांचा भाऊ मारला गेला. दुसराही मुलगा जाऊ नये म्हणून आईवडिलांनी गळ घातली, आणि १९१६ साली ते मनाविरुद्ध परत आले. डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांची शुश्रूषा करण्याचे काम त्यांना व्हिएन्नात मिळाले. झोपाळू रोगी त्यांच्या नजरेस पडले ते याच वेळी.

त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. १८८९-९० साली इन्फ्लुएन्झाची मोठी साथ येऊन गेली होती. त्यानंतर उत्तर इटलीत नोना नावाचा एक झोपेचा रोग पसरल्याचे बोलणे त्यांनी लहानपणी घरी ऐकले होते. मोठी माणसे ओसरीवर काय बोलतात ते मुलांच्या कानात राहते आणि कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही. नोना आठवल्यावर त्यांनी वेगवेगळ्या नावांखाली पडलेल्या रोग्यांची लक्षणे एकत्र मांडून पाहिली. जे दगावले त्यांचे मेंदू तपासले. १७ एप्रिल १९१७ रोजी त्यांनी व्हिएन्नातील तज्ज्ञांच्या सभेत हा नवा रोग मांडला आणि पुढच्याच महिन्यात त्यावरचा लेख छापून आला. रोगाला त्यांनी नाव दिले एन्सेफलायटिस लेथार्जिका, म्हणजे मेंदूचा सुस्तीचा दाह. त्याच एप्रिल महिन्यात, शत्रुपक्षाच्या फ्रान्समध्ये, क्रुशे नावाच्या डॉक्टरांनीही अशाच रोग्यांविषयी लिहिले. युद्धामुळे एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

मेंदूचे चित्र हा आज आपल्याला सहज वाटणारा शब्द आहे. तालुक्याच्या गावाहूनही लोक जिल्ह्याला जाऊन ते काढून आणतात. इकॉनोमोंच्या काळी जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याची सोय नव्हती. रोगी मेल्यावर मेंदू बाहेर काढायचा, औषधात ठेवून कठीण करायचा, त्याचे कागदाहून पातळ काप घ्यायचे, पेशी उठून दिसाव्यात म्हणून ते रंगवायचे आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली महिनोन् महिने पाहत बसायचे. असे पाहताना त्यांना दिसले की सूज साऱ्या मेंदूभर सारखी नाही. ती मुख्यतः मध्यमेंदूत आणि त्याच्या वरच्या हायपोथॅलॅमस नावाच्या लहानशा भागात आहे. त्यातही एक मेळ होता. जे झोपेत बुडाले होते त्यांच्या हायपोथॅलॅमसचा मागचा भाग व त्याला लागून असलेला मध्यमेंदू बिघडलेला असे. ज्यांची झोप उडाली होती त्यांचा बिघाड पुढच्या भागात असे. यावरून इकॉनोमोंनी अनुमान काढले की आपल्याला जागे ठेवणारी आणि झोपवणारी केंद्रे मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी असली पाहिजेत. थकवा आला की मेंदू आपोआप बंद पडतो आणि त्यालाच झोप म्हणतात, असे तेव्हा पुष्कळांना वाटे. झोप ही मेंदूने केलेली एक क्रिया आहे हा विचार त्यांनी १९३० सालच्या एका निबंधात सविस्तर मांडला, आणि पुढच्या संशोधनाने तो मुळात बरोबर ठरवला.

साथ मात्र थांबली नाही. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओसरेपर्यंत ती जगभर फिरली. सुमारे एक तृतीयांश रोगी दगावले असे मानले जाते. रोग कशाने होतो? डोळ्यांना न दिसणारा विषाणू असावा अशी इकॉनोमोंची समजूत होती. १९१८ चा इन्फ्लुएन्झा त्याच सुमारास जगभर थैमान घालत होता म्हणून अनेकांनी दोहोंचा संबंध जोडला. पण व्हिएन्नातले पहिले रोगी त्या इन्फ्लुएन्झाच्या आधीच आलेले होते, आणि जपून ठेवलेल्या मेंदूंत पुढे त्या विषाणूचा मागही लागला नाही. एखादा दुसराच विषाणू होता, की तापानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटली, याचा उलगडा शंभर वर्षांनंतरही झालेला नाही.

पण वाचकहो, या रोगाचे सर्वांत करुण प्रकरण ताप उतरल्यानंतर सुरू होते. माणूस बरा होऊन घरी जाई. कामालाही लागे. आणि मग काही महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी, तो मंद होऊ लागे. चेहऱ्यावरचे हावभाव पुसले जात, चाल अडखळे, डोळे मध्येच वर जाऊन तासन् तास तसेच खिळून राहत. शेवटी खुर्चीत बसवले तर पुतळ्यासारखा बसून राही. बुद्धी मात्र आत शाबूत असे. मुलांचे निराळेच. कालपर्यंत शहाणे असलेले मूल तापानंतर रात्रभर जागे, चोऱ्या करणारे, मारकुटे होई. इंग्लंडमध्ये अशा मुलांसाठी रुग्णालयांत वेगळे विभाग काढावे लागले. ताप तर केव्हाच गेला होता. त्यामुळे कित्येकांवर उन्मादाचा, ढोंगाचा, वाईट वळणाचा शिक्का बसला. इकॉनोमोंचे मोठेपण मला इथे दिसते. तीव्र ताप आणि नंतरची ही रेंगाळणारी व्यथा हा एकच रोग आहे, त्याचे व्रण मेंदूच्या ठरावीक जागी आहेत, हे ते सांगत राहिले. १९२९ साली त्यांनी या रोगावरचा आपला सगळा अभ्यास ग्रंथरूपाने मांडला, त्यात या मागाहूनच्या विकारांना मोठी जागा दिली. १९१९ साली पॅरिसमध्ये त्रेत्याकोफ यांनीही दाखवले होते की कंपवाताच्या रोग्यांच्या आणि या रोगाने गेलेल्याच्या मेंदूत सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा मध्यमेंदूतील काळा पट्टा झिजलेला असतो.

आता घरचे सांगते. माझी आई आठवडी बाजारात भाजी विकते. तिला लिहिता येत नाही, पण तीस-चाळीस गिऱ्हाइकांची उधारी तिच्या तोंडपाठ असे. मे २०२१ मध्ये तिला कोविडचा ताप आला. आठ दिवसांत उतरलाही. वास महिनाभर गेला होता, तोही परत आला. परंतु त्यानंतर आई पूर्वीची राहिली नाही. दोन हंडे पाणी आणले की बसून राही. भाजीत मीठ दोनदा पडे. बोलता बोलता साधा शब्द सापडेना. उधारी विसरू लागली आणि गिऱ्हाइकांनी त्याचा फायदाही घेतला. आत्या म्हणे ही अंगचोरी आहे. आणि खरे सांगायचे तर मीही एकदोनदा तिच्यावर चिडून बोलले. वर्षभराने वडिलांनी शेळी विकून तिच्या मेंदूचे चित्र काढून आणले. अहवाल इंग्रजीत होता. घरात तो वाचता येणारी मी एकटी. सारे भोवती बसले असताना मी वाचून सांगितले की काहीही झालेले नाही, सगळे नॉर्मल आहे. आत्याने आईकडे पाहिले. आई काहीच बोलली नाही. त्या दिवशी तिच्यावरचा शिक्का पक्का झाला तो माझ्या वाचनाने.

इकॉनोमोंचे दुसरे मोठे कार्य वाचताना ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवत होती. ते कार्य म्हणजे मेंदूच्या बाह्य थराचा नकाशा. युद्धाआधीच त्यांनी हे काम योजले होते. ते पुरे झाले १९२५ साली, गेओर्ग कोस्किनास या ग्रीक डॉक्टरांच्या सोबतीने. मेंदूच्या पृष्ठभागावर वळ्या असतात. सरळ सुरी चालवली तर काही वळ्या आडव्या कापल्या जातात, काही तिरप्या, आणि थरांची जाडी खोटी दिसते. म्हणून त्यांनी प्रत्येक वळीचा वेगळा तुकडा करून तिला काटकोनातच काप घेतला. असे हजारो काप तपासून त्यांनी मेंदूच्या पृष्ठभागाचे १०७ प्रदेश ठरवले. ब्रोडमान यांच्या १९०९ च्या प्रसिद्ध नकाशात याच्या निम्मेही नव्हते. आणि ग्रंथासोबत हाताने काढलेली चित्रे न देता सूक्ष्मदर्शकातून घेतलेली ११२ मोठी छायाचित्रे दिली, म्हणजे ज्याला शंका असेल त्याने स्वतः पाहावे. याच कामात त्यांना चातीसारख्या लांबट आकाराच्या काही पेशी आढळल्या. आज त्या फॉन इकॉनोमो पेशी म्हणून ओळखल्या जातात. त्या मोठे वानर, देवमासे आणि हत्ती यांच्या मेंदूतही सापडल्या आहेत. कोस्किनास मात्र १९२७ साली अथेन्सला परतले आणि १९७५ पर्यंत जगले, तरी त्यांचे नाव मागे पडले. ग्रंथावर दोघांची नावे असूनही लोक बॅरनचेच घेतात, हे मला काही न्यायाचे वाटत नाही.

आणखी एक गोष्ट खटकते. अखेरच्या वर्षांत इकॉनोमो थोर पुरुषांचे मेंदू तपासून त्यांच्या प्रतिभेची जागा शोधू पाहत होते. लोंब्रोसोचे पुस्तक त्यांच्या डोक्यातून गेले नव्हते असेच म्हणावे लागेल. ज्याने पुतळा झालेल्या माणसांचे दुखणे ओळखले, त्याने या फंदात का पडावे?

१९१९ साली त्यांचा विवाह श्योनबुर्ग-हार्टेनश्टाइन या सरदार घराण्यातील कारोलीन यांच्याशी झाला होता. १९३१ साली व्हिएन्नात मेंदू संशोधनाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि तो त्यांच्या हाती सोपवण्यात आला. पण थोड्याच महिन्यांत, २१ ऑक्टोबर १९३१ रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे पंचावन्न. पत्नीने वाग्नर-याउरेग यांच्यासह त्यांचे चरित्र लिहिले. नोबेलसाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले होते, मिळाले नाही. १९७६ साली जन्मशताब्दीला ऑस्ट्रियाने त्यांचे तिकीट काढले.

त्यांचे पुतळा झालेले रोगी मात्र त्यांच्यानंतर अनेक वर्षे रुग्णालयांच्या कोपऱ्यांत बसून होते. १९६० साली व्हिएन्नातच होर्निकिएविच यांनी दाखवले की कंपवाताने गेलेल्यांच्या मेंदूत डोपामीन हे रसायन फार कमी झालेले असते. तपासलेल्या मेंदूंत या झोपेच्या साथीतून वाचलेल्यांचेही मेंदू होते. त्यातून एल-डोपा हे औषध पुढे आले. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये ऑलिव्हर सॅक्स यांनी ते अशा रोग्यांना दिले तेव्हा चाळीस-चाळीस वर्षे निश्चल असलेली माणसे उठून बोलू-चालू लागली. पुष्कळांच्या बाबतीत तो आनंद टिकला नाही, औषधाचेच त्रास सुरू झाले.

मग चित्र काढणारी यंत्रे आली. १९७१ साली लंडनमध्ये क्ष-किरण आणि संगणक यांच्या साहाय्याने जिवंत रोग्याच्या मेंदूचा पहिला आडवा छेद पाहिला गेला. नंतर चुंबकाचा एमआरआय आला. १९९९ साली लखनौच्या डॉक्टरांनी जपानी मेंदूज्वरातून वाचून कंपवातासारखी लक्षणे आलेल्या रोग्यांच्या एमआरआयमध्ये त्याच काळ्या पट्ट्यावरचे व्रण दाखवले. जी जागा पाहायला पूर्वी मरणाची वाट पाहावी लागे ती आपल्याच देशात जिवंत माणसात दिसली. कोविडनंतरही अशी पाहणी झाली. ब्रिटनमध्ये ७८५ जणांच्या मेंदूची दोनदा चित्रे काढली गेली. दोहोंच्या मधल्या काळात त्यांतील ४०१ जणांना कोविड झाला होता, बहुतेकांना सौम्यच. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोविड झालेल्यांच्या मेंदूतील गंधाशी संबंधित भाग इतरांच्या तुलनेत किंचित अधिक झिजलेले आढळले.

हा किंचित शब्द महत्त्वाचा आहे. तो फरक शेकडो माणसांची सरासरी काढल्यावर दिसला. एकट्या माणसाचे चित्र हातात घेऊन तो ओळखता येत नाही. एमआरआयच्या चित्रातला एक ठिपका साधारण एक मिलिमीटरचा असतो, आणि तेवढ्या जागेत हजारो पेशी असतात. इकॉनोमो एकेक पेशी पाहत, हे यंत्र गाव पाहते, घर पाहत नाही. माझ्या आईच्या मेंदूला काही झालेच आहे असे मी म्हणत नाही, तो माझा अधिकार नव्हे. पण अहवालातल्या त्या शब्दाचा अर्थ मी चुकीचा सांगितला होता. त्याचा अर्थ एवढाच होता की मोठी गाठ नाही, रक्तस्राव नाही, या चित्रात काही दिसले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी ती पिशवी पुन्हा काढली आणि सर्वांसमोर अहवाल दुसऱ्यांदा वाचला. झोपलेल्या माणसांची गोष्टही सांगितली. आईने ती माणसे पुढे उठली का, एवढे विचारले. मी काही काळापुरती उठली असे सांगितले. आता उधारी मी वहीत लिहून ठेवते, रविवारी बसून तिला वाचून दाखवते. आत्याला सारे पटले असे मी म्हणणार नाही. पुढच्या बाजाराला भाजीची पाटी उचलू लागायला मात्र ती आली होती.